खांबांच्या ओळीतली डोंबारी

१२ मार्च
शिंदखेड्याबाहेरचा माळ. सोलरच्या खांबांच्या जागा आखतोय. यंत्रातून बघा, चुन्याचा गोल टाका, पुढे चला. मागून मशीन येतं, गोल दिसला की खड्डा पाडतं. पाय भरून आले. जळगावहून सौ.चा फोन, घरी कधी? काय सांगू.

१३ मार्च
शेळ्या चारणाऱ्या अक्कांनी हटकलं. "दखीसन चाला भाऊ, तठे पाखरूनं घर शे." ढेकळाच्या आडोशाला वाटीएवढा खळगा, दोन अंडी. डोंबारी, म्हणजे माळावरचा चंडोल. मादी मातीच्याच रंगाची, पाय पडला असता तरी कळलं नसतं. नर उंच चढतो, पंख मिटून दगडासारखा पडतो, जमिनीपाशी सावरतो, परत वर. इतका हुरूप कुठून आणतो कोण जाणे. जागा दोन ओळींच्या मधली, खांबाची नाही. अक्कांना म्हटलं, जपतो मी.

१४ मार्च
ऊन फार. डोकं चालेना. निघताना घरटं आठवलं. मशीनवाल्याला लांबून दिसावं म्हणून भोवती चुन्याचा गोल टाकला. पिशवी हातात होतीच.

१५ मार्च
खड्डा. बरोब्बर मधोमध.
मशीनवाले नाना म्हणतात, "भाऊ, जठे चुना, तठे मशीन लावं. आम्हनं काय चुकनं?" काहीच नाही. बावीस वर्षं गोल टाकतोय, आणि मलाच...
मादी खड्ड्याच्या कडेने चालत होती. अक्कांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही तं जपनार व्हतात ना."
जेवण गेलं नाही. लाज वाटते.

२८ मार्च
जुन्या खड्ड्याच्या थोडं पुढे पुन्हा घरटं. तीन अंडी. या वेळी थेट ओळीत, खांबाच्याच जागेवर. कसलीही खूण केली नाही. तो खांब गाळून पुढचे आखले.
दुपारी इंजि. साहेबांचा फोन. "नकाशातला खांब का सोडला? खडक लागला का?"
हो म्हणालो. खोट्याची सवय नाही.
"सकाळी येतो. बघू."
खडक कसला, सगळा मऊ मुरूम. काम कंत्राटी, वय पन्नाशीपुढे. खरं सांगितलं तर हसतील, नाहीतर घरी पाठवतील. संध्याकाळी घरट्यापासून सहा पावलांवर गेलो तरी मादी उठली नाही. साहेब येतील तेव्हा तिथेच उभा असेन. तोंडातून काय निघेल, माहीत नाही.