प्याद्याचा घोडा का केला

नांदूरघाट, गुरुवार

तीर्थरूप विठ्ठलमामांच्या चरणी भाचा सुग्रीव याचा नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे, उमापुरात कापूस वेचून झाला का, ते सविस्तर कळवा. (घाईत आहे, पण विचारल्याशिवाय पुढे जाववत नाही.) इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

पंधरा दिवसांपूर्वी मी मोबाइलवर बुद्धिबळाच्या एका ग्रुपात शिरलो. दोनशे माणसं आहेत. रोज सकाळी सातला एका पटाचं चित्र येतं आणि खाली लिहिलेलं असतं, पांढऱ्याने तीन चालींत मात करायची. मग दिवसभर सगळे त्यावर भांडतात आणि कडा गावचे आप्पाराव गुरुजी (शाळेतून निवृत्त, ग्रुपातून नाही) शेवटी निकाल देतात. सोमवारचं कोडं कुणालाच सुटेना. जो तो प्यादं टोकाला नेऊन त्याचा वजीर करायचा आणि तिथंच अडायचा. मी चहा पिता पिता लिहून टाकलं, वजीर नको, घोडा करा, मात होते. गुरुजींनी लिहिलं की असा पठ्ठ्या आपल्या जिल्ह्यात आहे हे आजवर कळलंच नव्हतं.

आता तुमच्यापासून काय लपवू? लहानपणी तुम्ही मला शिकवलंत की प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल, तेच ते होणार. ते घर घोड्याचं होतं, म्हणून मी घोडा केला. बाकीच्या जगात प्याद्याचं काय करायचं हे खेळणाऱ्याच्या मर्जीवर असतं, हे मला मंगळवारी कळलं. तोवर 'वजीर का नाही' असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी 'जरा खोलात जा' असं उत्तर देऊन बसलो होतो. ते खोलात गेले आणि रिकाम्या हाताने वर आले. म्हणून आता रविवारी संध्याकाळी व्हिडिओवर सगळ्यांसमोर मीच उकल करून दाखवायची, असं गुरुजींनी ठरवलंय.

तेव्हापासून एका जागी बूड टेकत नाही. काल म्हशीला दोनदा पेंड घातली (तिने तक्रार केली नाही). भाकरीच्या तुकड्यांचा पट मांडला, तर विचार करता करता राजाच खाऊन बसलो. ग्रुप सोडावा म्हटलं, तर आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी 'सर' म्हणतंय. ते गेलं तर मला फार लागेल. त्यात मोहिनी भाकऱ्या थापता थापता मोबाइलकडे बघते आणि म्हणते, "घोडा कावून केला, ते तुमाला तरी ठावं हाय का?" मी म्हणालो, तुझ्या डोक्याबाहेरचं आहे. त्यावर तिने हसून भाकरी उलटली, ते मला जास्त खटकलं.

मामींना नमस्कार सांगा, पोरांच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवा.

तुमचाच,
सुग्रीव

ता. क. गुडघ्याचं सावकाश कळवलं तरी चालेल. घोड्याने मात होते आणि वजिराने का होत नाही, एवढं मात्र रविवारच्या आत लिहून द्या. फोन करू नका. तुमचा आवाज घरभर ऐकू येतो आणि मोहिनीला कळेल. ती उद्या माहेरी उमापूरला येतेय, तिच्याच हाती हे पाकीट देतोय. उत्तरही तिच्याच हाती द्या, चिकटवून.

ता. क. दुसरा. मामा, हे मी लिहितेय, मोहिनी. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. वजीर केला तर काळ्या राजाला शह बसत नाही आणि हलायला जागाही राहत नाही, म्हणून डाव बरोबरीत सुटतो. घोडा केला की शह बसतो आणि पळायला घर नसतं. हे मी सोमवारीच चुलीपाशी बसून काढलं होतं. तुम्ही यांना काही सांगू नका. शनिवारी परतल्यावर यांनी मला नीट विचारलं, तर सांगेन. उत्तराचं पाकीट मात्र द्या, आत कोरा कागद घालून, चिकटवून.