गळणारी जखम, एक टाका

मॅडम, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी या आठवड्यात तुम्ही सारख्या हव्या होतात. मांडव्याकडच्या एक कोळीण मावशी काल सकाळी आल्या. आदल्याच दिवशी मी त्यांचा मोतीबिंदू काढून लेन्स बसवली होती. "बाय, डोल्यातना गरम पानी येतंय. मी काय रडत न्हाय," त्या म्हणाल्या. मी रंगाची पट्टी पापणीआड टेकवली, निळा प्रकाश लावला, आणि जखमेपाशी बारीक हिरवी धार वाहताना दिसली. मीच केलेली जखम गळत होती. तेवढंच असतं तर वर संरक्षक लेन्स ठेवून वाट पाहिली असती, पण डोळा मऊ पडला होता, डोळ्यातली पुढची, पाण्याने भरलेली पोकळी उथळ झाली होती. असंच ठेवलं तर जंतू आत शिरून डोळाच जायचा.

"डोळा चोळलात का?" माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तळा गावातलं नेत्रशिबिर आठवलं, मी तुमच्या हाताखाली शिकत होते तेव्हाचं. शाळेच्या वर्गात खाटा मांडलेल्या, तुम्ही एका आजींचा असाच गळणारा डोळा तपासताय आणि मी शेजारून हाच प्रश्न विचारते. तुम्ही मान वर न करता म्हणता, "त्यांना कशाला विचारतेस? जखमेला विचार." मग आजींना म्हणालात, "माझं काम कच्चं राहिलं, आजी. पुन्हा शिवते." दुपारी स्वतःच्या डब्यातलं घावन माझ्या ताटात वाढलंत. त्या घावनाची चव अजून जिभेवर आहे.

मी मावशींना म्हटलं, "जखम नीट मिटली नाही. माझ्याकडून राहिलं. एक टाका घालावा लागेल."

"मंग घाल की. तुजाच चेहरा का उतरलाय?"

केसाहून बारीक दोऱ्याने टाका घातला. पुन्हा रंग लावला. हिरवी धार थांबली होती. आज पट्टी काढली तेव्हा डोळ्यातली पुढची पोकळी पुन्हा भरलेली होती, आणि मावशी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं सोडून खिडकीबाहेरचा माड बघत बसल्या होत्या.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. गाठ बसल्यावर मी डावीकडे वळून पाहिलं, तुम्ही उभ्या राहायचात तिथे. सिस्टरला वाटलं, मला कात्री हवी आहे. तिने ती पुढे केली. मी ती घेतली आणि दोरा कापला.