बांधावरचा आंबा

मंगळवार संध्याकाळ, एरंडोल

आज नानाकाकांना दिवाणी कैद झाली. वादातल्या शेतातलं एकही झाड तोडायचं नाही, हा मनाई हुकूम पप्पांनीच भावाविरुद्ध आणलेला. नानांनी आजोबांच्या चितेसाठी बांधावरचा आंबा तोडला. आमच्यात घरच्याच आंब्याचं लाकूड लागतं. उरलेला बुंधा कोर्टात पुरावा म्हणून मीच मोजून दिला, घरातली इंजिनिअर म्हणून. माप अचूक आहे.

न्यायाधीशांनी विचारलं, तर नानांनी सगळं कबूल केलं, "तोडं साहेब. बठ्ठं खरं शे." बाहेर नेताना माझ्यापाशी थांबले. "माप बराबर शे ना, बेटा?"

मी होकारार्थी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

माप अचूकच आहे. आजोबांच्या चितेला अग्नी पप्पांनी दिला होता. लाकूड कुठून आलं, हे तेव्हा त्यांनी विचारलं नव्हतं. मीही नाही.