आईची माती

नायगाव, जि. नांदेड
दि. १७ जानेवारी २०२५

मल्लिनाथअण्णा,

शरणार्थ. इकडं सगळे बरे आहेत. तुझ्याकडचेही बरे असावेत. एवढं लिहिलं की रीत झाली. पुढचं रीतीत बसणारं नाही.

आपल्या मुरुडात तू घरोघर सांगत फिरतोयस म्हणे, की मंजुषा माझ्यासाठी थांबली नाही, पोराच्या हातून आईला माती मिळाली नाही. चंद्रप्पाकाकांचा फोन आला होता. "खरं काय हाय ते त्याला एकदा लिहून टाक बाई," म्हणाले. म्हणून लिहिते.

रविवारी पहाटे पाचला आई गेली. साडेपाचला मी तुला फोन केला. म्हणाले, तिला बाबांशेजारी आपल्या शेतात ठेवायचंय, गाडी करून आणते. तू काय म्हणालास, आठवतं? "आणू नको. तिथं प्लॉट पाडलेत. मधी अजून एक समाधी झाली की गिऱ्हाईक उभं ऱ्हात न्हाई. तिकडंच उरकून घे."

उरकून घे! चार वर्षं ती माझ्याकडं होती. तू दोनदा आलास. दोन्ही वेळा तिच्या सहीसाठी.

आपल्या लिंगायतांत मयताला बसवून माती देतात. अंग ताठायच्या आत बसवावं लागतं, हे तुला मी सांगायला नको. हे किनवटला ड्युटीवर, घरात मी एकटी. भिंतीला टेकवलं तर ती एका अंगावर कलायची. शेवटी मी तिच्या पाठीला पाठ लावून बसले. शेजारच्या धुरपताबाई धावत आल्या, त्यांनी तिची मांडी घालून दिली. "मी धरते, तू घोटभर च्या घे," म्हणाल्या. मी उठले नाही. आईची पाठ गार होत चाललेली मला माझ्या पाठीला कळत होती.

आणि खड्डा कुणी खणला, तेही ऐक. इथं आपली चारच घरं, सगळी म्हातारी माणसं. मागच्या गल्लीतला धम्मदीप आणि त्याचा मेहुणा सुदर्शन कुदळी घेऊन दारात उभे. मी बोलावलंही नव्हतं. "आजी रोज आमच्या ओट्यावर बसायची ताई. सांगावं लागतंय व्हय?" जातीचे नाहीत, गोताचे नाहीत. तुझ्यापेक्षा मला ते जवळचे, हे काकांसमोरही सांगेन.

आता जे काकांनाही सांगितलेलं नाही, ते.

साडेअकराला तुझा मेसेज आला. "निघालोय. आपल्या शेतातच ठेवू. थांब." मी तो वाचला. दोनदा वाचला. तेवढ्यात विधीला आलेल्या स्वामींनी विचारलं, "मुलगा येणार हाय का? थांबायचं का?" मी म्हणाले, "कुणी येणार न्हाई. सुरू करा." आणि फोन बंद केला.

साडेतीनला तू आलास तेव्हा माती लोटून झाली होती. तू चारचौघांत मला वाट्टेल ते बोललास, मी गप्प उभी. लोकांना वाटलं, बिचारी सोसतेय. सोसत नव्हते. तुझं तोंड बघत होते, आणि मला बरं वाटत होतं.

ते बरं वाटणं दोन दिवस टिकलं.

आईनं चार वर्षांत माझ्याकडं काही मागितलं नाही. बाबांशेजारची जागा तेवढी मागितली होती. सकाळी तिला तू नाही म्हणालास. दुपारी तू हो म्हणालास, तर मी नाही म्हणाले.

मी तुला माफ केलेलं नाही, आणि तुझ्याकडं माफी मागतही नाही. ती जिच्याकडं मागायची ती ऐकायला नाही. गुरुवारी आईच्या दिवसांची शिवगणाराधना आहे. आलास तर ताट वाढीन, बोलणार नाही. नाही आलास तरी चालेल. हे पत्र मात्र काकांना वाचून दाखव. माझं वाचशील तसं तुझंही वाच, एक ओळ गाळू नकोस.

तुझ्यासारखीच निघालेली,
मंजुषा