पंखाखालच्या नळीतला झेंडू

बाबा, मी विमान चालवायला शिकून राहिले. हसू नका. दोनच माणसांचं आहे, इतकं हलकं की दोघं मिळून ढकलत शेडबाहेर काढतात. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण आईला सांगितलं तेव्हा तिनं दोष तुम्हालाच दिला. "बाबावर गेली," म्हणाली, आणि भाजी चिरत बसली.

फॅक्टरीत दिवसभर ट्रक तपासून तुमचं मन भरायचं नाही. सकाळी स्कूटरभोवती फिरून चाक, ब्रेक, दिवा, सगळ्याला हात लावून पाहायचे. मी दप्तर घेऊन ताटकळत उभी. "बाबा, काहून उशीर करता?" तर तुमचं ठरलेलं, "गाडी बोलत नाही बेटा, तिले विचारा लागते." आता विमानाभोवती मी तशीच फिरते, आणि खरं सांगू, मला ते फार आवडते.

दसऱ्याला मी पहिल्यांदा एकटी उडणार होते. शिकवणारी माझ्या पोरीच्या वयाची, पण तिला सगळे दीदी म्हणतात, म्हणून मीही. या वयात मला एकटीला सोडायचं की नाही, ते तिच्याच हातात. विमान नीट तपासून झालं आणि मग मला सणाची आठवण आली. झेंडूचा हार आणलाच होता. पंखाखाली एक बारीक नळी पुढं आलेली असते, जणू हार अडकवायलाच केली. अडकवला, कुंकू लावलं, हात जोडले, हार काढून ठेवला. आधी दीदीसोबत एक चक्कर मारायची होती. आम्ही धावपट्टीवर पळतोय आणि पडद्यावर वेगाचा आकडा काही हलेना. दीदीनं तिथंच विमान थांबवलं. उतरून पाहते तर नळीत पाकळी. "आंटी जी, इसी में हवा जाती है, तभी स्पीड पता चलती है। आज सोलो नहीं." दसऱ्याला तुम्ही पूजा आधी करायचे, तपासणी मागून. मी नेमकं उलटं केलं. घरी येताना डोळ्यांतलं पाणी थांबेना, वाटलं, संपलं आता, ही मला कधीच सोडणार नाही.

पुढच्या आठवड्यात दोन चकरा झाल्यावर दीदीनं पट्टा सोडला, खाली उतरली. "चलो, जाओ." शेजारची जागा रिकामी, तिचं वजन नाही, विमान मी तयार व्हायच्या आधीच वर. खाली सिहोऱ्याचा रस्ता, धानाची पिवळी शेतं, एक बस. उतरताना चाकं एकदा उडाली, मग टेकली. दीदी पळत आली. "ऊपर क्या सोच रही थीं?" मी म्हटलं, बाबांची आठवण येत होती. तिचे डोळे भरून आले, मग माझेही.

बाबा, ते खोटं होतं. वर तुम्ही नव्हते. आई नव्हती, पोरगी नव्हती, कोणीच नव्हतं. मी इतकी खुशीत होते की कोणाची आठवणच आली नाही. तुम्ही असता तर हे तुम्हालाही सांगितलं नसतं.