डिकीत बसून ऐकलेलं

प्रिय वैष्णवी,

गाडीचा आवाज गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तू फोन केलास की तुझे बाबा 'एकदम मक्खन चालतेय' म्हणणार आणि तू विश्वास ठेवणार. काल त्यांच्याबरोबर कापूरहोळपर्यंत जाऊन आले. मागून तोच आवाज, तस्साच. मी म्हटलं, येतोय बघा. ते म्हणाले, येऊ दे, गाडी आहे, मुकी कशी राहील? आणि त्यांनी रेडिओ मोठा केला. या माणसाबरोबर मी इतकी वर्षं संसार कसा केला, हे मला कधीकधी खरंच कळत नाही.

लग्नघरात एरवी साड्यांवरून, आचाऱ्यावरून, मानपानावरून वाद होतात. आमच्याकडे तो आवाज 'खट्' आहे की 'टुक्' यावरून झाले. बाबांचं म्हणणं खट्. माझं म्हणणं टुक्, आणि तेही लागोपाठ दोनदा, कुणी बोटाने दार वाजवावं तसं. शेजारच्या मंगलकाकूंना मध्ये दवाखान्यात सोडलं, तर त्या उतरताना म्हणाल्या, मला बाई कुरकुर ऐकू आली, पण ती गाडीची की तुमची ते सांगता यायचं नाही. बरं, शफीभाईंच्या गॅरेजात नेली की गाडी गप्प. शाळेत साहेब तपासणीला आले की आमची सातवी ब बसते, तशी हाताची घडी घालून गप्प. शफीभाई माझ्याकडे अशा नजरेने बघत, जणू मीच आवाज काढून दाखवते आणि मग नाही म्हणते.

त्या रविवारी फुलाआत्याकडे तुझ्या केळवणाला निघालो, तेव्हा तू होतीसच. पण तुला गाडीची पुढची बाजू माहीत आहे, मागची मला. कापूरहोळला बाबांनी सवयीने गॅरेजापाशी गाडी थांबवली आणि शफीभाईंनी निदान सांगायच्या ऐवजी उपाय सांगितला. "उभ्या गाडीत न्हाई कळायचं, वहिनी. चालत्या गाडीत डिकीत कुनीतरी बसून ऐकाया पायजे, मंजे कुठली बाजू ते समजंल." त्यांचा स्वतःचा हात एका टेम्पोच्या पोटात अडकलेला, ते काही येणार नव्हते. तुला मागे बसलं की गाडी लागते. बाबांची गाडी दुसऱ्या कुणी चालवलेली बाबांना खपत नाही. राहिलं कोण? नारायणपेठ नेसलेली, गजरा माळलेली नवरीची आई पत्रिकांच्या खोक्याला टेकून, पाय पोटाशी घेऊन डिकीत बसली. बाबांनी झाकण वीतभर उघडं ठेवून दोरीने बांधलं आणि वर म्हणाले, बस आरामात.

नसरापूरहून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो आणि पहिल्याच गतिरोधकाला माझं डोकं झाकणावर आपटलं. नेमकं तेव्हाच बाबांनी ओरडून विचारलं, ऐकू येतंय का गं? मी इतकी चिडले होते की उत्तरच दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मनात म्हटलं, विचारत राहा. मग ते तुला म्हणाले, तिला तिथं काय ऐकू येत नाही, बसू दे.

वैष्णवी, मला सगळं ऐकू येत होतं. मागच्या सीटची पाठ म्हणजे नुसता पुठ्ठा आहे.

तू जरा वेळाने बोलायला लागलीस. पहिल्यांदा मला वाटलं, तू सार्थकचं कौतुकच करतेयस. तो वाईट नाही, घरचे चांगले आहेत, असं काहीतरी. मग तू त्यांच्याकडच्या त्या दिवसाचं सांगितलंस. ताटं घेऊन तू "हितं ठेवू का?" म्हणालीस आणि त्याने मित्रांसमोर तुला ते पुन्हा नीट म्हणायला लावलं. सगळे हसले, तूही हसलीस. तेव्हापासून तो फोनवर मध्येच थांबवून तुझा शब्द सुधारतो, प्रेमानेच सुधारतो म्हणालीस. आणि मग तू जे बोललीस ते माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. "बाबा, त्याच्याशी बोलायच्या आधी मी मनात बोलून बघते. मगच बोलते. आता तर बोलावंसंच वाटत न्हाई. मला हे लग्न करायचं न्हाई."

गाडी चालत होती. खाली काहीतरी टुक्-टुक् वाजतही असेल. मी ऐकत नव्हते.

तुझ्या बाबांनी गिअर बदलला. मी खोक्याला धरून वाट बघत होते, की आता हा माणूस काहीतरी शहाण्यासारखं बोलेल. तर ते म्हणाले, होतं गं असं, पुण्याची माणसं, चांगल्यासाठीच सांगतात, सवय होते. निम्म्या पत्रिका वाटून झाल्यात. आईला इतक्यात सांगू नको, ती काय करेल नेम नाही. यावर तू म्हणालीस, नाही सांगत, स्थळ आईनंच आणलंय, तिचं मन मोडवत नाही. मला त्या क्षणी झाकणावर मूठ आपटून गाडी थांबवावीशी वाटली. माझा काही नेम नाही म्हणे! आणि माझं मन! मी काय काचेची बरणी आहे, की बापलेकींनी मला फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावं?

पण गाडी थांबवली ती दुसऱ्यानेच. आंबवण्याच्या अलीकडे दुधाच्या किटल्या लावलेला एक मोटारसायकलवाला कधीचा मागे होता. माझी आणि त्याची चांगली तीन-चार वेळा नजरानजर झाली होती. शेवटी त्याने पुढे काढून बाबांना थांबवलं आणि म्हणाला, "पावनं, तुमच्या डिकीत बाई हाय. ठावं हाय न्हवं?" बाबांनी त्याला सगळी गाडीची गोष्ट समजावून सांगितली. गेनबा नाव त्याचं. त्यानेही मग खाली वाकून शॉकअप बघितला, आपलं मत दिलं, दोरी सोडून मला बाहेर काढलं. बाबांनी मला विचारलं, आवाज कुठून येतो? मी म्हटलं, डावीकडून. वैष्णवी, मी उजवीकडूनही म्हणाले असते. शफीभाईंनी नंतर डावीकडचं सगळं उघडून रबरं बदलली, आणि आवाज जागच्या जागी. बाबा मला म्हणतात, कान तपासून घे.

माझे कान ठीक आहेत. मार्गासनीला आत्याच्या घरी त्यांची खात्री झाली. फुलाआत्या तुला पुरणपोळीवर पुरणपोळी वाढत होती आणि तू ताटावर आडवा हात धरून म्हणत होतीस, "आत्या, लई झालं गं, आता न्हाई जात." ती म्हणाली, "सासरी गेल्यावर कोन वाढंल एवढं? खा गुमान." तुम्ही दोघी हसत होतात. तेवढ्यात तुझा फोन वाजला, सार्थकचा. तू ओसरीवर गेलीस. मी पाण्याचा तांब्या घ्यायच्या निमित्ताने दाराशी आले. "हो, आम्ही इथेच आहोत. जेवण झालं. नाही नाही, खूप छान झालं." सगळे शब्द बरोबर होते. एसटी स्टँडवर गाड्या पुकारतात ना, तशी बोलत होतीस. आत येऊन बसलीस आणि ताटातली अर्धी पोळी तशीच राहिली. फुलाआत्याने माझ्याकडे बघितलं. मी ओटीच्या ताटातली सुपारी शोधायला लागले.

मी शाळेत मराठी शिकवते. मुलांच्या वह्यांतले ऱ्हस्वदीर्घ लाल करण्यात माझा जन्म चाललाय. पण घरात तुझ्या तोंडचं 'हितं' मी कधी 'इथे' केलं नाही. तो माझ्या घरातला आवाज आहे. तो दुरुस्तीला द्यायचा असतो, हे माझ्या डोक्यातही कधी आलं नाही.

जेवणानंतर वेल्ह्याला पत्रिका द्यायला जायचं ठरलं होतं आणि मी डोकं दुखतंय म्हणून बसून राहिले, तेव्हा तुम्ही दोघंही माझ्यावर वैतागलात. बाबा म्हणाले, हिचं हे नेहमीचंच. ते खोकं माझ्या कपाटात आहे. त्यानंतर मी त्यातली एकही पत्रिका बाहेर काढलेली नाही. बाबा रोज विचारतात आणि मी रोज काहीतरी कारण काढते. आता कारणं संपत आली आहेत.

फोन करणार होते. पण फोनवर तू "काही नाही गं आई" म्हणतेस आणि माझं पुढचं बोलणंच खुंटतं. हल्ली तर माझ्याशीसुद्धा 'काही नाही' म्हणतेस. पूर्वी 'काय न्हाई' म्हणायचीस. म्हणून लिहिते आहे. स्थळ मी आणलं, ते मी परत देऊ शकते. सार्थकच्या घरी मी स्वतः जाईन, आपल्या भोरमध्ये पत्रिका गेलेल्या प्रत्येक घरी जाईन. लोक चार दिवस बोलतील, मी त्यांना पुरून उरेन. बाबांची काळजी करू नकोस, त्यांना फक्त पहिला धक्का मारायला लागतो, मग ते चालतात. पण हे सगळं तू म्हणशील तरच. तुझ्या वतीने मी काही ठरवणार नाही, नाहीतर माझ्यात आणि त्याच्यात फरक काय? तू सांगशील तोवर कपाटाला कुलूप आहे. लग्न करायचंय का, एवढंच कळव. मनात बोलून बघू नकोस, वाक्य जुळवू नकोस. व्हय किंवा न्हाई, एक शब्द पुरे.

कशीही बोललीस तरी तुझीच,
आई