निर्मलाबाईंचा हात

८ नोव्हेंबर
आलो एकदाचा आसगावात! कॉलेज अर्धवट सोडलेल्याला कोण ठेवतं म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून पुंडलिकरावांच्या माशांचा रखवालदार झालो. वेगळी खोली, दोन वेळचं जेवण, आणि त्याच घरात त्यांची मेघा. बैठकीत पलंगाएवढी काचेची पेटी, आत रंगीत मासे. धान पिकवणाऱ्याला हे असले शौक! काहून एकटाच हसून राहिला, म्हणून मेघानं विचारलं. खरं सांगितलं असतं तर बापानं आजच हाकललं असतं.

११ नोव्हेंबर
थंडी पडली, म्हणून पाण्यात हीटर लावला. पुंडलिकराव सकाळी पाण्यात हात घालतात, हात झिणझिणतो आणि डोळे भरून येतात. गेलेली बायको, निर्मलाबाई, हात धरते म्हणे. फक्त थंडीतच येते! हीटरही थंडीतच लागतो, हे या डोक्यांत शिरत नाही. प्लगची अर्थिंगची जाड पिन बोर्डात बसेना, तर या महाभागानं आरीनं कापून टाकली. हीटरचा करंट पाण्यात उतरतो. पायात रबरी चप्पल, म्हणून म्हातारा जिवंत. समजावलं तर म्हणे, कॉलेजातून पळाला अन् मलेच शिकवून राहिला का बे?

१४ नोव्हेंबर
उद्या नवं. नव्या धानाचा भात आधी गेलेल्यांना, मग घरच्यांना. यंदा तो पाण्यात हात घालून निर्मलाबाईंना द्यायचा, आणि द्यायचा मेघानं. न्हाऊन, अनवाणी, धुतलेल्या ओल्या फरशीवर! मरेल पोरगी. खूप भांडलो. तीही बापाकडूनच, तुले माय नाही का, म्हणाली. मठ्ठ. आणि या मठ्ठ पोरीपायीच माझी झोप उडाली आहे.

१५ नोव्हेंबर
ती न्हायला गेली. तिन्ही प्लग उपटले: हीटर, पंप, दिवा. मांडीवर घेऊन बसलोय. आता मीच अनवाणी हात घालून दाखवतो, बघा म्हणावं तुमची निर्मलाबाई. डावा पाण्यात, उजव्यानं लिहितोय. काही नाही. नुसतं गार पाणी. अडाणी लेकाचे—

झिणझिणलं.

प्लग मांडीवरच आहेत. तिन्ही.

बोटं. माझी नाहीत. बांगडी टोचते— हात निघत नाही—

मेघा आली. ताट हातात. ओले पाय. ओरडायला जातो, आवाज फुटत नाही. फक्त हा हात चालतो— ताट टाकलं तिनं, धावत येते, मला ओढायला— मेघा, वाच, मले शिवू न